मुलं आणि एनर्जी ड्रिंक : तुमच्या घरी काय घडलं?

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात मागच्या आठवड्यात तीन रिकामे कॅन सापडले. ओरडण्याआधी कॅनवरची बारीक अक्षरं वाचली. १०० मिलिलिटरमागे ३२ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका कॅनमध्ये १६०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम एवढंच कॅफीन चालण्यासारखं मानलं. माझा मुलगा ४५ किलोचा. त्याच्या वाट्याला १३५ येतात, आणि ते एका कॅनमध्येच ओलांडले जातात. विचारलं तर म्हणाला, "आई, सगळेच पितात गं." तुमचे अनुभव लिहा. मुलांनी स्वतः लिहिलं तर फार बरं होईल.

एक विद्यार्थी : काकू, मी परीक्षेच्या वर्षी रोज रात्री अकराला एक कॅन प्यायचो. कॅफीनचा अंमल निम्म्यावर यायलाच पाचेक तास लागतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. पहाटे चारला अंथरुणावर पडायचो तर छातीतली धडधड कानात ऐकू यायची. डोळे मिटलेले आणि झोप नाही. सकाळी उठवत नाही म्हणून आणखी एक कॅन. वाचलेलं लक्षात राहीना, तेव्हा वाटलं आपणच मठ्ठ आहोत. परीक्षा संपल्यावर एकदम बंद केलं, तर दोन दिवस डोकं फुटेल असं दुखलं. कुणाला सांगितलं नाही, घाबरलो होतो.

प्रशिक्षक : मैदानावर सगळ्यात मोठा घोळ नावाचा होतो. घामातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला असतं ते स्पोर्ट्‌स ड्रिंक. एनर्जी ड्रिंक वेगळं, त्यात कॅफीन असतं. माझ्या संघातली एक मुलगी सामन्याआधी उपाशीपोटी कॅन पिऊन आली. हात थरथरत होते, मग उलटी झाली. तिला आणि तिच्या घरच्यांनाही वाटलं होतं की हे खेळाडूंचंच पेय. आता पहिल्याच दिवशी दोन्ही लेबलं वाचून दाखवतो.

एक बाबा : आमच्याकडे मीच आणून दिलं. रात्री जागून अभ्यास करते म्हणून कौतुकाने. साखर नको म्हणून शुगर-फ्री घेतलं आणि निश्चिंत झालो. कॅफीन त्यातही तेवढंच असतं. लेक चिडचिडी झाली त्याचा दोष मी तिच्या वयाला देत राहिलो. याचं फार वाईट वाटतं.

बालरोग विभागातली परिचारिका : दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्याने झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, पण साचणं थांबत नाही. म्हणून अंमल उतरला की थकवा एकदम अंगावर येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच मुलांच्या आहारात या पेयांना स्थान नाही असं सांगितलं. लिथुएनियात २०१४ पासून अठरा वर्षांखालच्यांना ती विकता येत नाहीत. छातीत धडधड, चक्कर असं काही झालं तर मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि काय प्यायला ते आधी सांगा. मुलं भीतीने लपवतात.

धागाकर्ती : माझा मुलगा कालपासून डोकं दुखतंय म्हणतोय. वरचा विद्यार्थ्याचा अनुभव वाचला नसता तर कारण कळलं नसतं. तोच परिच्छेद त्याला वाचायला दिला. वाचून म्हणाला, "मलापण रात्री तसंच धडधडायचं."