कॉर्नरशॉप म्हणजे एका गाण्याचा बँड? जरा थांबा

तबकडी:
काल 'एका गाण्यावर आयुष्य काढलेले कलाकार' या धाग्यात कॉर्नरशॉपचं नाव वाचलं. वर शेरा: "आशाताईंचं नाव घेऊन नंबर वन झाले, तेही नॉर्मन कुकच्या कृपेने. पुढे कुठे गेले कोणास ठाऊक." (गाणं 'ब्रिमफुल ऑफ आशा', आणि कुक म्हणजे त्याचा रिमिक्स करणारा डीजे फॅटबॉय स्लिम.) तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा.

कुठेही गेले नाहीत. १९९१ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये उभा राहिलेला बँड. तजिंदर सिंग वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी घरातला, बेन एअर्स त्याचा कॉलेजातला दोस्त. विलायतेत आपल्या माणसाची ओळख काय, तर कोपऱ्यावरचं दुकान आणि करी. दुकानाचं नाव यांनी बँडला दिलं आणि १९९३ च्या पहिल्या ईपीची, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डची, तबकडी करीच्या रंगाची काढली. त्याच्या आदल्या वर्षी मॉरिसी हा बडा इंग्लिश गायक स्टेजवर युनियन जॅक मिरवत होता, तेव्हा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या लंडनच्या कचेरीबाहेर त्याचं पोस्टर जाळलं. वाजवता तेव्हा जेमतेमच येत होतं, पण बोलायला तोंड होतं. त्या वेळच्या किती गोऱ्या इंडी बँडांनी मॉरिसीला असं तोंडावर सुनावलं?

पुढे अमेरिकेत गायक डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप या लेबलने त्यांचे रेकॉर्ड काढले. १९९७ च्या अल्बमवर अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गचा आवाज आहे आणि शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' चक्क पंजाबीत. आशाताईंवरचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' त्याच अल्बमवरचं. ऑगस्ट १९९७ मध्ये ते ६० व्या क्रमांकावर अडकलं हे खरं. पण त्याच डिसेंबरात बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याच्या श्रोत्यांनी वर्षातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याला पहिलं ठेवलं. रिमिक्स नंबर वन झाला फेब्रुवारी १९९८ मध्ये. तारखा बघा आणि मग कृपा कोणाची ते सांगा.

उंटावरचा शहाणा:
शेरा माझाच, मागे घेत नाही. पीलची यादी म्हणजे भक्तांची भिशी, दरवर्षी आपापसातच फुटायची. जगाने ऐकलं ते कुकने वेग वाढवून, सूर चढवून, खाली दणदणीत ठेका घातल्यावर. मूळ गाणं पाच मिनिटं एकाच जागी मांडी घालून बसतं. हळदीला लावा, लोक जेवायला निघून जातील.

तबकडी:
हळदीला लावायला केलेलंच नाही ते! मांडी घालून बसतं हीच तर त्याची गंमत. गिटारचे तेच तेच सूर तानपुऱ्यासारखे मागे चालू राहतात आणि वर हा माणूस कंटाळल्यासारखा नावं घेत जातो: आशा, लता, रफी, रेगे संगीताचं लेबल ट्रोजन रेकॉर्ड्स, फ्रान्सचा गायक झाक द्युत्रॉंक. घरातला रेडिओ आणि ४५ आरपीएमच्या तबकड्या, बस, एवढाच विषय. कुकने त्यातलं घर काढलं आणि पब ठेवला.

लेस्टरकर:
मी इथेच राहते म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांचं वृत्तपत्रं आणि सिगारेटींचं दुकान होतं. पहाटे पाचला शटर वर. शाळेतून सुटलेली पोरं दारातून काहीबाही ओरडून पळायची, सासरे मान वर न करता सुटे पैसे मोजत राहायचे. माझ्या नवऱ्याला बँडचं नाव पहिल्यांदा कळलं तेव्हा तो हसला नव्हता, त्याला रागच आला होता. गाणं आल्यावर मात्र टेप त्याच दुकानात लागली. नंबर वन रिमिक्समुळे झालं की कशामुळे, आम्हाला काय त्याचं? रेडिओवर गोरा निवेदक 'आशा' म्हणत होता.

खडूस काकू:
छान, डोळे पाणावले. आता मुद्द्याचं बोला. आशाताईंना यातून दमडी तरी मिळाली का? त्यांच्या नावावर विलायतेत नंबर वन. आणि याच रिमिक्सच्या साथीने पुढे इथे काय झालं ते विसरलात? दीदींच्या 'कांटा लगा'चं २००२ मध्ये जे केलं ते टीव्हीवर मुलांसमोर बघवत नव्हतं.

निमिष ठाणे:
काकू, गाण्यात नाव घेतल्याचे पैसे द्यायचे तर विठोबाचं बिल किती होईल? आशाताईंचा आवाज त्यांनी वापरलेलाच नाही. 'कांटा लगा'चं प्रकरण वेगळं. तेव्हाच्या कायद्यात मूळ रेकॉर्डला दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून नवी आवृत्ती काढता यायची, त्या फटीतून सगळे घुसले. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षं झाली.

खडूस काकू:
फटी आम्हाला शिकवू नका. गायकाच्या रॉयल्टीसाठी दीदी साठच्या दशकात उभ्या राहिल्या. रफीसाहेब म्हणाले, गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. तत्त्वासाठी!

पेटीवाला:
आणि त्या तत्त्वाचा फायदा? रफीसाहेबांसोबतची युगुलगीतं सुमन कल्याणपूरांकडे गेली. सुमनताईंचं नाव विलायतेतल्या गाण्यात येत नाही, आपल्या लोकांच्या तोंडीही येत नाही. या विषयावर कोणी धागा काढणार आहे का?

खडूस काकू:
सुमनताईंना कोणी अडवलं होतं? प्रत्येक धाग्यात दीदींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची फॅशन झालीय.

पेटीवाला:
आरोप कोण करतंय? ऐकायला येतं की नाही तेवढं विचारलं. मी रिमिक्सच्या जमान्यात अंधेरीत कीबोर्ड वाजवलाय. एका कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत रात्री अकराला बसवायचे, जुन्या गाण्याचं सतारीचं तोंड कीबोर्डवर वाजवून घ्यायचे. खऱ्या सतारियाला बोलवायला पैसे नाहीत! कॅसेटवर माझं नाव नाही, उरलेले पैसे नाहीत, मागायला गेलो तर मालक 'मीटिंगमध्ये'. तेव्हा रॉयल्टीची भाषणं जरा जपून.

उंटावरचा शहाणा:
काकू, एक राहिलं. नव्वदच्या दशकात खुद्द आशाताईंनी संगीतकार लेस्ली लुईससोबत पंचमची गाणी नव्या ठेक्यावर गायली. 'राहुल अँड आय'. त्या रिमिक्सचा खटला कोणावर भरायचा?

खडूस काकू:
स्वतःचं गाणं स्वतः गाणं आणि परक्या पोरीला नाचवणं यात फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. आणि आशाताई काहीही करू शकतात. त्यांनी क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन व्हायोलिन-चेलोवाल्या चौकडीसोबत पंचमची गाणी गायली, ग्रॅमीचं नामांकन आलं. आवाजात दम होता म्हणून. कोणाच्या यादीत नाव आलं म्हणून नव्हे.

लेस्टरकर:
आवाज जगभर पोहोचला तो आमच्यासारख्यांच्या घरांतल्या टेपवरून, काकू. तोच तर त्या गाण्याचा विषय आहे. पूर्ण ऐकलंत का एकदा तरी?

खडूस काकू:
ऐकलं. मधे ते छातीच्या उशीचं काय आहे ते घरात मोठ्याने लावण्यासारखं नाही.

निमिष ठाणे:
हसून हसून पुरेवाट. कांटा लगा ते उशी, वर्तुळ पूर्ण.

तबकडी:
माझा धागा कॉर्नरशॉपवर होता, आठवण म्हणून सांगतो. नंबर वननंतर कोणीही शहाण्या माणसाने आशा भाग दोन काढला असता. यांनी १९९९ मध्ये क्लिंटन असं वेगळंच नाव घेऊन डिस्कोचा अल्बम काढला. कॉर्नरशॉपचा पुढचा अल्बम थेट २००२ मध्ये. मग स्वतःचं लेबल, २०११ मध्ये गायिका बबली कौरसोबत अख्खा पंजाबी अल्बम, २०२० मध्ये 'इंग्लंड इज अ गार्डन'. तीस वर्षं तीच दोन माणसं आपल्या चालीने चालतायत. याला अपयश म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

उंटावरचा शहाणा:
बबली कौरचा अल्बम तुमच्यामुळे आत्ता लावला. बरा आहे. बरा म्हणजे बराच बरा आहे, पाठ थोपटून घ्या. पण रस्त्यात दहा जणांना थांबवून कॉर्नरशॉपचं दुसरं गाणं विचारा. एकाला आलं तर वडापाव माझ्याकडून.

पेटीवाला:
दहा जणांना सुमन कल्याणपूरांची दहा गाणी विचारा, तीही रफीसाहेबांना सोडून. मग बघू वडापाव कोण खातंय.

खडूस काकू:
झालं यांचं पुन्हा सुरू. संपादक, हा धागा वाचनमात्र करा.