पुनर्विकासात तालमीची खोली हवी की नको? (गिरणगाव, बीडीडी आणि खांबांवरची चित्रं)

लालबागचा_जावई (धागाकर्ता)

उड्डाणपुलाच्या खांबांवर वारली चित्रं काढली, जानेवारीत एखादा रस्ता बंद करून महोत्सव भरवला, की 'कलेने शहर जोडलं' म्हणून फ्लेक्स लागतात. चित्रांशी माझं भांडण नाही. ससून डॉकमध्ये २०१७ साली झालेलं प्रदर्शन मलाही आवडलं होतं, मासळीच्या वासासकट. पण आराखड्यात कलेला जागा द्यायचीच असेल तर भिंत नको, नाटक-भजनाच्या तालमीला खोली द्या. दिवे, पंखे, आवाज बाहेर जाणार नाही अशी दारं-खिडक्या आणि भजनी मंडळाला परवडेल एवढं भाडं. बास.

गिरणगावातली कला कुणी नकाशात आखून दिली नव्हती. बीडीडीत (इंग्रजांच्या काळात सरकारने बांधलेल्या चाळींत) १६० चौ. फुटांची खोली, संडास सामाईक, त्यामुळे माणूस अर्धा वेळ व्हरांड्यातच. नमन, दशावतार, कामगार नाट्यस्पर्धा, सगळ्यांच्या तालमी चाळीत नाहीतर गावकीच्या (एका गावच्या लोकांनी मिळून ठेवलेल्या) खोलीत. प्रयोग परळच्या दामोदरला. ते नाट्यगृह १९२२ सालचं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं; २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. आता चाळीही जातायत आणि ५०० चौ. फुटांची घरं मिळतायत. मिळायलाच हवीत, त्यावर वाद घालू नये. पण चाळिसाव्या मजल्यावर ढोलकी कुठे वाजवायची?

जिमला एफएसआयमधून (प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेतून) सूट मिळते, सोसायटी ऑफिसला मिळते. तशीच प्रत्येक पुनर्वसन इमारतीत तालमीच्या खोलीला द्या, एवढीच मागणी आहे.

कोरा_सातबारा

मागणी गोड आहे, अनुभव कडू आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (झोपु) योजनेत बालवाडी आणि वेल्फेअर सेंटर द्यायचा नियम जुना आहे. तुमच्या वॉर्डात एक फेरी मारा आणि त्यातल्या किती ठिकाणी बालवाडी भरते, किती ठिकाणी पक्षाची शाखा भरते आणि किती ठिकाणी कुलूप आहे ते बघा. तालमीच्या खोलीचं वेगळं काय होणार? पहिल्या वर्षी उद्घाटन, दुसऱ्या वर्षी केटररची भांडी.

दुसरं म्हणजे, गिरणगावातली कला जागेअभावी मेली हे मला मान्यच नाही. लोअर परळला हनुमान थिएटर होतं, तमाशाचं. जागा होती, रंगमंच होता, फड यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. तिकीट काढणारा माणूसच गेला. पुढे थिएटर बंद पडून तिथे मंगल कार्यालय आलं. पगार बंद झाला की खोली काय करणार?

टी_स्क्वेअर

पगाराचा मुद्दा बरोबर, पण पुढचं अर्धं तुम्ही गाळलंत. संपानंतरही जमीन होतीच, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे व्हायचे होते : मोकळी जागा पालिकेला, एक वाटा म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये बदल झाला आणि वाटणी आवारातल्या आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. गिरण्यांच्या आवारात मोकळं असं असतं तरी किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मैदानं, सभागृहं, शाळा जे काही होऊ शकलं असतं ते एका ओळीच्या दुरुस्तीत आटलं. त्यामुळे 'नियमाने काय होतं' असं म्हणू नका. नियमानेच गेलं.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये पालिका वस्त्रोद्योग संग्रहालय करतेय, त्याचं स्वागत. पण संग्रहालयात कामगार काचेत असतो.

शांतता_हवी

रात्री साडेनऊला ढोलकी? आमचा मुलगा दहावीला आहे. जिम परवडली.

जांभोरी_मैदान

मी वरळीच्या बीडीडीत वाढले, म्हणून लिहिते. व्हरांड्याचे गोडवे मी चाळीबाहेर राहिलेल्यांकडूनच जास्त ऐकलेत. जानेवारी १९७४ मध्ये याच चाळींत दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली, दगड गच्चीवरूनच आले. मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. कुठली चाळ कोणाची हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे आंबेडकरी जलसा व्हायचा, पलीकडे भजन व्हायचं. दोन्ही कला, दोन्हींनी माणसं जोडली, पण आपापली. कला वस्ती जोडते हे वाक्य अर्धंच आहे. ती वस्तीच्या आत भिंतही बांधते.

आणि मुलींचं काय? तालमीला मुलगे जायचे. आम्ही हळदीकुंकवाला नाहीतर चौदा एप्रिलच्या स्वयंपाकाला. रात्रीच्या तालमीला कोणी पाठवत नव्हतं.

तरीही मी जावईबापूंच्या बाजूने आहे, जरा वेगळ्या कारणासाठी. टॉवरमध्ये लिफ्टमधून थेट घरात शिरायचं, दार लावायचं. शेजारी पूर्वी कोण राहत होतं, आता कोण राहतं, कळत नाही. व्हरांड्यात निदान भांडण तरी समोरासमोर व्हायचं. खोली द्या. पण चावी ठरावीक मंडळाकडे गेली तर आम्हाला ती खोली नको.

करवीरकर

मुंबईकरांना वाटतं नगररचना त्यांच्याकडेच झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, आणि त्याला लागूनच कुस्तीचं खासबाग मैदान. नाटकवाले आणि पैलवान एकाच आवारात! गावातला कुठलाही माणूस काही ना काही निमित्ताने तिथे यायचाच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. रस्त्यावर कोण कोण उभं होतं म्हणून सांगू! ज्यांनी आयुष्यात तिकीट काढलं नव्हतं तीही माणसं. ही ओढ महोत्सवाने येत नाही, शंभर वर्षं एकाच जागी दार उघडं राहिल्याने येते.

कोरा_सातबारा

करवीरकर, तुम्ही माझंच काम केलंत. दार शंभर वर्षं उघडं ठेवायला आधी राजा लागला आणि मग महापालिका. चाळिसाव्या मजल्याखालच्या खोलीला कोण आहे? लिफ्टचं, पंपाचं, अग्निशमनाचं बिल भरताना ज्यांच्या नाकी नऊ येणार, त्यांच्याच मासिक देखभालीत ढोलकीची खोली घालायची? गिरणी कामगाराचा नातू डिलिव्हरीची बाइक चालवतो, त्याला तालमीला वेळ कधी?

विमानतळावरून

मेदेयीन, कोलंबिया. टेकडीवरच्या गरीब वस्तीत २००४ मध्ये केबल कार नेली, मग २००७ मध्ये स्थानकाजवळ भलीमोठी एस्पान्या वाचनालय-इमारत बांधली. जगभर फोटो गेले. २०१५ मध्ये बांधकामाच्या दोषांमुळे ती बंद करावी लागली. केबल कार मात्र चालू होती आणि लोक तिने कामाला जात होते. मला वाटतं सातबारावाल्यांनी हे लक्षात घ्यावं आणि जावयांनीही : छोटं बांधा, साधं बांधा, आणि रोज लागणाऱ्या वाटेवर बांधा. पोडियमच्या मागे, कचऱ्याच्या खोलीशेजारी जागा मिळाली तर ती बंदच पडणार.

लालबागचा_जावई

एकेक घेतो.

शांतता_हवी, म्हणूनच आवाज न जाणाऱ्या खोलीत. आज तुमच्याकडे लग्नाची हळद पोडियमवर डीजे लावून होते, तेव्हा दहावी नसते का?

जांभोरीताई, चावीचा मुद्दा मान्य आणि तो मागणीतच जायला हवा. खोली सोसायटीची नको, शाखेची तर नकोच. पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाची मालकी, दारावर आठवड्याचा तक्ता, पाळी लावायची, एका मंडळाला सलग दोन संध्याकाळी नाहीत. जलसा सोमवारी, भजन मंगळवारी, आणि संध्याकाळी सहा ते आठ फक्त मुलींसाठी.

सातबारा, देखभालीचं म्हणाल तर मालकी पालिकेची म्हणजे बिलही पालिकेचं. खांब रंगवायला पैसे निघतात ना?

कोरा_सातबारा

खांब एकदा रंगवतात, मग कोणी विचारत नाही. तुमच्या खोलीला दर महिन्याला वीज लागेल आणि कुलूप उघडायला पगारी माणूस लागेल. त्या माणसाची जागा पालिकेच्या आस्थापनेवर मंजूर करून दाखवा, मग पहिली सही माझी.

जांभोरी_मैदान

मुलींना सहा ते आठ कशाला? नऊनंतर द्या. दिवसभर कामावर आम्हीही असतो.