कंबोडियातल्या बालगृहात सेवेला जावं का?

नवी_सेविका:
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय २७. मंडळीच्या ओळखीतून सिएम रीपजवळच्या एका बालगृहात दोन वर्षांसाठी बोलावणं आलंय. मुलांना इंग्रजी शिकवायचं, संध्याकाळी बायबलच्या गोष्टी, अधूनमधून आसपासच्या कुटुंबांना भेटी. पाळकसाहेब म्हणतात, पाचारण आहे, मागे बघू नकोस. घरचे म्हणतात, आधी लग्नाचं बघ. मुलांचं काम करायचं हे माझं नक्की आहे. पण तिथे माझा खरंच उपयोग होईल की नुसती गर्दी वाढेल? तिकडे राहिलेल्या कुणी सांगाल का?

बट्टंबाँगची_नर्स:
सलाम ताई. बट्टंबाँगकडच्या खेड्यांत मी एका मिशनबरोबर बरीच वर्षं काढली, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

आधी बालगृहाला विचारा, तुमच्याकडच्या किती मुलांचे आईबाप हयात आहेत? २०११ साली कंबोडिया सरकार आणि युनिसेफनं मिळून जो अहवाल काढला, त्यात बालगृहांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील हयात निघाले. २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहं १५३ वरून २६९ वर गेली. तेव्हा काही युद्ध चालू नव्हतं. वाढले होते ते पर्यटक आणि देणगीदार.

मग आईबाप पोरं देतात कशाला? माझ्या ओळखीची एक आजी होती. खांबांवरचं लाकडी घर, खाली झोळी टांगलेली. लेक-जावई सीमेवरच्या पोयपेट गावातून थायलंडला बांधकामावर गेलेले आणि जमिनीचा कागद मायक्रोफायनान्सवाल्यांकडे अडकलेला. नातू सहावीत. तिथली सरकारी शाळा फुकट, पण भरते अर्धा दिवस. उरलेल्या वेळात तेच मास्तर पैसे घेऊन शिकवणी घेतात. शिकवणीला द्यायला रिएल (तिथलं चलन) नसले की हा पठ्ठ्या शाळेमागच्या कुंपणाशी बसून राहायचा आणि वर्ग सुटला की सगळ्यांबरोबर घरी यायचा. आजी खूश, पोरगं शिकतंय म्हणून! त्यात पुढची शाळा लांब. अशात कुणीतरी सांगितलं, बालगृहात टाका, पोटभर भात मिळेल, इंग्रजी येईल. आजीनं त्याच्या कपड्यांची पिशवीही भरून ठेवली होती.

आम्ही एक जुनी सायकल दिली आणि शिकवणीचे पैसे भरले. एवढंच. पोरगा आजीजवळ राहिला. बालगृहात एका मुलामागे जो खर्च होतो, त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही.

दुसरं, बालगृहातली लहान मुलं अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडतात, हात सोडत नाहीत. लोक म्हणतात, किती प्रेमळ आहेत! मला ते बघवत नाही. जीव लावणारं माणूस दर थोड्या दिवसांनी निघून जातं, मग जो दिसेल त्याला ती बिलगतात. रुमानियात बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधली १३६ मुलं होती. त्यांतली निम्मी मुलं सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवली. साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत जी घरात गेली, ती जास्त सावरली.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा एकाच वाक्यात येतात. आपण मात्र लेकरू उचलतो आणि आईला दारातच ठेवतो.

जायचं तर जरूर जा. पण आधी ख्मेर, म्हणजे तिथली भाषा, शिका, निदान सहा महिने दुसरं काही हाती घेऊ नका. आणि तिथल्या मास्तरणीची जागा घेण्यापेक्षा तिच्या हाताखाली राबा. तुम्ही परत याल, ती तिथेच राहणार आहे.

कागदवाले_काका:
नर्सबाईंशी सहमत. थोडी कायद्याची बाजू. तिथला राजधर्म बौद्ध. घरोघर फिरून धर्मप्रचाराला बंदी आहे, त्यामुळे 'कुटुंबांना भेटी' म्हणजे नेमकं काय ते लेखी घ्या. बालगृहाचा सरकारी परवाना मागा. पाचारण देवाचं असलं तरी व्हिसा सरकारचाच लागतो. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकन ख्रिस्ती स्वयंसेवक ३३ मुलं घेऊन सीमा ओलांडायला निघाले आणि पकडले गेले. हेतू वाईट नसेलही, पण कागद नव्हते आणि बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत होते. आणखी एक, प्रार्थनेला बसल्याशिवाय ताट मिळत नसेल तर तिथून निघा. त्याला सेवा म्हणत नाहीत.

नवी_सेविका:
नर्सताई, मी मेल करून विचारलं. उत्तर आलं, "इथे सगळी देवाचीच लेकरं आहेत, आम्ही असा भेद करत नाही." सोबत देणगीदारांसाठीचे फोटो. आकडा नाहीच. आता पाळकसाहेबांना काय सांगू? मंडळीनं माझ्यासाठी पैसे जमवायला सुरुवातही केलीय.

बट्टंबाँगची_नर्स:
उत्तर मिळालं की ताई! एकदा पुन्हा, सरळ आकडाच मागा. नाही दिला तर विषय संपला.

पाळकसाहेबांना सांगा, देश तोच, काम तेच, संस्था दुसरी बघतेय. कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था तिथे आहेत. त्यांना दिवसाचं पाळणाघर चालवायला, मागे पडलेल्या मुलांचा अभ्यास घ्यायला माणसं लागतात. तुमच्यासारखी शिक्षिका त्यांना हवीच असेल.

पैसे मात्र कमी जमतील, हे धरून चाला. हसऱ्या मुलाच्या फोटोला लोक देतात, आजीच्या कर्जाचा हप्ता म्हटलं की हात आखडतात. आम्ही मंडळीत फोटोंऐवजी हिशेब वाचून दाखवायचो: सायकल एवढ्याला, शिकवणी एवढी, औषध एवढं. सुरुवातीला लोक जांभया द्यायचे. नंतर म्हाताऱ्या बायका पुढे येऊन विचारायला लागल्या, त्या आजीचा हप्ता फिटला का गं?