विस्मृत राजांपलीकडचे विषय

शैक्षणिक मालिकेसाठी अपरिचित लढाया आणि विस्मृत राजे निवडावेत, ही सूचना चांगली असली तरी त्यात एक भर घालावीशी वाटते. विषय केवळ अपरिचित असून भागत नाही. विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या गोष्टीवर त्याने नवा प्रकाश टाकला पाहिजे. उदाहरणार्थ, 1930 चा दांडीचा सत्याग्रह सर्वांनाच माहीत असतो. परंतु मिठाची चोरटी ने-आण रोखण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीने सिंधूपासून महानदीच्या परिसरापर्यंत जी जकात-सीमा आखली होती, तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, निवडुंग अशा काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले होते आणि तिच्या पहाऱ्यावर सुमारे 12,000 माणसे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1879 मध्ये ही सीमा मोडीत निघाली, मिठावरचा कर मात्र राहिला. एका कुंपणातून महसूल, वनस्पती, नकाशे आणि सामान्य माणसाचे ताट असे चार धागे हाती लागतात (आणि चित्रे काढायलाही तो झकास विषय आहे!). लढायांचे एक-दोन भाग जरूर असावेत, पण सुरुवात अशा विषयाने करावी, असे माझे मत आहे.