मदत हवी आहे: सांगलीत विश्रामबागेत मिरची कुटायचं यंत्र (डंक) टाकलंय, ३००० पत्रकं वाटूनही गिऱ्हाईक नाही

डंकवाला: मिरची कांडपाचा डंक आहे. पेपरातून ३००० पत्रकं टाकली, पंधरा दिवसांत चार गिऱ्हाईकं. आणखी छापू का रिक्षावर भोंगा फिरवू? लवकर सांगा, पावसाच्या आत काय ते व्हायला हवं.

शाई_कागद: पत्रकावर छापलंय काय? टाकलं कुठं? दुकान रस्त्याला आहे का बोळात?

डंकवाला: नाव, मोबाईल, 'उत्तम दर्जा, माफक दर'. सांगली-मिरज दोन्हीकडे टाकलं. शंभर फुटी रस्त्यावरून आत, दुसरा बोळ.

शाई_कागद: मग उत्तर त्यातच आहे. पाच किलो मिरची घेऊन मिरजेतून कोण येईल? डंकाचं गिऱ्हाईक एक किलोमीटरच्या आतलं. तेवढ्याच भागात ५०० पत्रकं घरोघरी द्या, सकाळी ११ ते १ मध्ये, थेट हातात. 'माफक' काढून किलोचा दर आकड्यात लिहा. मसाला भाजून देता का, किती तासांत मिळतो, जवळची ठळक खूण, हेही हवं. प्रत्येक गल्लीच्या गठ्ठ्यावर वेगळा शिक्का मारा आणि 'पत्रक आणल्यास किलोमागे ५ रुपये सूट' असं छापा. परत आलेली पत्रकं मोजली की कुठली गल्ली चालली ते कळतं.

रीलवाली: इन्स्टावर रील टाका, रोज एक. लाल तिखट पडताना फार छान दिसतं.

पेठेतला: रील बघणारा पुण्यात असतो, मिरची इथं कुटायची आहे. गिऱ्हाईक मिरची घेतं तिथंच धरा. गणपती पेठेतल्या आणि तुमच्या भागातल्या मिरचीच्या दुकानांत कार्डं ठेवा. मिरची घेतली की बाई पुढं हेच विचारते, 'कुटून कुठं मिळेल?' दुकानदाराला किलोमागे दोन रुपये द्या, हिशोब दर शनिवारी चुकता करा. थकवलात तर कार्डं गल्ल्याखाली जातात.

शाई_कागद: पेठेतलं गिऱ्हाईक खेड्यापाड्यातलं, ते आपल्या गावात कुटतं. विश्रामबागेतली किराणा दुकानं धरा, पेठ नको.

पेठेतला: शहरातलेही वर्षाची मिरची पेठेतूनच भरतात. दोन दुकानांत ठेवून बघा, खर्च शंभर कार्डांचा.

डंकवाला: आणि भोंगा?

पाटीकाम: भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते, आणि रिक्षा पुढं गेली की पत्ता कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्याआधी बोळाच्या तोंडाला बाणाची पाटी हवी. एक इंच अक्षर साधारण दहा फुटांवरून नीट वाचता येतं. चाळीस फुटांवरून दिसायला चार इंच, मात्रा-वेलांट्यांना वरखाली जागा सोडून. तीन शब्द बास: 'मिरची कांडप, आत'. महावितरणच्या खांबाला बांधू नका. कोपऱ्यावरच्या घरमालकाला विचारून त्याच्या भिंतीवर लावा आणि महापालिकेचा परवाना घ्या. फ्लेक्स लाकडी चौकटीवर ताणून बसवा, नुसता दोरीनं बांधला तर वळवाच्या वाऱ्यात आयलेटपाशी (दोरी ओवायच्या कडीपाशी) फाटतो.

तिखटजाळ: ब्याडगीला रंग, लवंगीला जाळ. निम्मी-निम्मी घ्या. मिरची हातात कडकन मोडली पाहिजे, ओलसर असली तर डंकात चिकटते.

शाई_कागद: ते गिऱ्हाइकाला सांगायचं आहे. पत्रकाच्या मागं हेच छापा: 'देठ काढून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून आणा.' असं पत्रक बायका स्वयंपाकघरात ठेवतात, फेकत नाहीत.

डंकवाला: हे बरोबर वाटतंय. पाटीच्या परवान्याला किती दिवस लागतात?

पाटीकाम: पाटी किती फुटांची?