मोबाईलच्या स्क्रीनवर १०८० पी लावून खरंच फरक पडतो का?

वेंगुर्लेवाला: मंडळी सल्ला हवाय. साडेसहा इंची फोन आहे, पॅक रोजचा दीड जीबी, रेंज फक्त पडवीत. आईला रात्री जेवणं झाली की यूट्यूबवर दशावतार बघायचा असतो, तीन तीन तासांचं नाटक, १०८० पी (चित्रात ठिपक्यांच्या १०८० ओळी) लावलं की मध्येच डेटा संपतो आणि ४८० ला आणलं की ती म्हणते चेहरे धड दिसत नाहीत रे. एवढ्याशा स्क्रीनवर किती पी पुरतं? पुढचा फोन फुल एचडी म्हणजे १०८० च्या स्क्रीनचाच बघू का?

किनारपट्टी: भाऊ सगळं अंतरावर आहे. चांगल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो, म्हणजे फोन ३० सेंमीवर धरला तर इंचाला जवळपास २९० ठिपके, त्याच्या वर दिलेलं डोळ्यापर्यंत पोचतच नाही. साडेसहा इंचाच्या लांबट स्क्रीनवर ७२० पी म्हणजे इंचाला २७० च्या आसपास, १०८० पी म्हणजे ४००. म्हणून हातात जवळ धरून बघणाऱ्याला दोन्हीतला फरक थोडा कळतो, पण आई फोन डब्याला टेकवून ४० सेंमीवरून बघत असतील तर तिथे २२० लाच काम भागतं, मग ७२० पुरे. फोनवर फोर के लावणं म्हणजे निव्वळ डेटा जाळणं. आणि आधी फोनची स्क्रीन किती आहे ते बघ, स्वस्तातले बरेच फोन ७२० बाय १६०० चे असतात, त्यावर १०८० लावलंस तरी फोन ते लहान करूनच दाखवणार.

कुडाळ_नाईट: हिशोब बरोबर पण दशावताराला नुसते पी मोजून चालत नाही, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते, बघायला लागतो. रात्रीचा खेळ, मागे काळोख, अंगावर जरी नि टिकल्यांचे कपडे, त्यात युद्ध सुरू झालं की सगळं गरगर फिरतं, आणि कॉम्प्रेशनला नेमकं हेच जड जातं, काळोखात चौकोन पडतात ते त्यामुळेच. बातम्या वाचणारा माणूस ४८० वर छान दिसतो पण युद्ध नाही दिसत. त्यात लांबून सगळा रंगमंच एका फ्रेममध्ये घेतलेला असेल तर चेहऱ्याच्या वाट्याला ठिपकेच किती येणार, आई बोलतात ते खरंच आहे. आणि मूळ शूटिंगच गर्दीतून मोबाईलवर केलेलं असेल तर १४४० लावूनही काही सुधारत नाही, त्यापेक्षा नीट कॅमेऱ्याने शूट केलेलं चॅनल शोध. माका वाटता ७२० च ठेव.

वेंगुर्लेवाला: ७२० ला तासाला किती जाईल पण?

किनारपट्टी: अंदाजे एक जीबी, सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर जास्त. ४८० ला त्याच्या निम्मं धर. म्हणजे तीन तास ७२० वर तुझ्या पॅकात बसतच नाही, सगळं ४८० वर ठेवलं तर जेमतेम बसतं. नाटक दोन रात्रींत वाटून बघा, सुरुवातीचा गणपती-संकासुराचा आडदशावतार ४८० वर जाऊ दे, आख्यान रंगात आलं की ७२० कर.

लाल_माती: २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला मोबाईल नेटवर यूट्यूब ४८० पी च्या वर जातच नव्हतं आठवतंय का? गाणी, मालिका सगळं लोकांनी तसंच बघितलं. फक्त शिकवणीचे व्हिडिओ बघणाऱ्या पोरांचे खूप हाल झाले, फळ्यावरची गणितं वाचता येईनात, तो प्रकार माझ्या अजून डोक्यातून जात नाही. त्यामुळे घरात शिकणारं कोणी असेल तर डेटा तिकडे वापरा. नवीन फोन घेताना वाईडवाईन (ॲपमधल्या व्हिडिओची चोरी रोखणारी सुरक्षा) एल वन पातळीची आहे का तेही बघून घे, एल थ्री असेल तर फुल एचडी स्क्रीन असूनही नेटफ्लिक्ससारखी ॲप ४८० वरच अडकतात.

वेंगुर्लेवाला: हे एल वनचं माहीतच नव्हतं, थँक्यू. ७२० कायमचं सेट करून ठेवता येतं का, दरवेळी आईला जमायचं नाही.

कुडाळ_नाईट: नाही ना, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये फक्त ऑटो, डेटा सेव्हर नाहीतर हायर क्वालिटी एवढंच निवडता येतं, नेमका आकडा प्रत्येक व्हिडिओला ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन लावायला लागतो. तूच लावून दे नि मग फोन त्यांच्याकडे दे.