घरी काइटबोर्ड बनवायचाय, कोअर (आतला गाभा) कुठला घेऊ आणि कार्बन फायबर लागेल का?

पुणेरी_वारा:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात असतो, मेकॅनिकलचा माणूस आहे आणि गोव्यात मोरजीला काइट (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून सरकायचा खेळ) शिकून आता बऱ्यापैकी अपविंड, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे, जायला लागलोय. अडचण अशी की गोव्यात दुपारचा खारा वारा बरेचदा दहा-बारा नॉट्सच्या पुढे सरकत नाही, माझं वजन ८२ किलो, आणि माझा १३७ बाय ४१ सेंटिमीटरचा बोर्ड त्या वाऱ्यात नुसता पाण्यात बसतो, प्लेन होतच नाही, म्हणजे पाण्यावर उचलून सरकत नाही. मोठा लाइट विंड बोर्ड बाहेरून मागवायचा तर कुरियर आणि ड्युटीच अंगावर येते, म्हणून घरीच बनवावा म्हणतोय, १५० बाय ४५ च्या आसपास. राउटर, जिगसॉ, ड्रिल आहे, पार्किंगमध्ये जागा आहे. आता कोअरला थर्माकोल चालेल का की लाकूडच पाहिजे, कार्बन घातला तर किती हलका होईल, आणि थर दाबून चिकटवायला व्हॅक्यूम पंप नाहीये तर वाळूची पोती ठेवून भागेल का? पावसाळ्यात गोवा बंदच असतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये उरकून टाकावं असा विचार आहे. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

उत्तर_समुद्र:
मी नेदरलँड्सला हेगमध्ये राहतो, शेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर काइट करतो आणि हिवाळ्यात बोर्ड बनवायचा नाद आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी कार्बनचं. पहिल्या बोर्डाला नको. हिशोब करून बघा, १५० बाय ४५ चे कोपरे गोल केले की ०.६२ चौरस मीटर उरतात, दर बाजूला ८०० जीएसएम (चौरस मीटरला ८०० ग्रॅम) काच, म्हणजे फायबरग्लास, धरली तर दोन्ही बाजू मिळून किलोभर काच झाली, व्हॅक्यूमखाली रेझिन (एपॉक्सी, म्हणजे काच भिजवून कडक होणारा चिकट द्रव) साधारण पाऊण किलो, आणि ८ मिमी सरासरी जाडीचा ८० डेन्सिटीचा (घनमीटरला ८० किलो) पीव्हीसी फोम चारशे ग्रॅम. कडा, इन्सर्ट (स्ट्रॅपचे बोल्ट बसायचे आट्यांचे तुकडे) वगैरे धरून अडीच किलोच्या आसपास बोर्ड तयार. कार्बनने यातले काही शे ग्रॅम वाचतील, पण वर पॅड आणि स्ट्रॅप किलोभराचे चढवणार आहात, मग त्याचं काय मोल. शिवाय खाऱ्या पाण्यात कार्बनला स्टीलचा इन्सर्ट थेट लागला की गंज धरतो. काच घ्या, ६०० ची ट्रायॅक्सियल (तीन दिशांनी धागे असलेली) आणि वरून २०० चं साधं विणलेलं कापड. ट्रायॅक्सियलमध्ये ४५ अंशातले धागे असतात ना, तेच बोर्डाला पीळ बसू देत नाहीत, नुसत्या लांबीतल्या धाग्यांनी बोर्ड वाकायला कडक होतो पण पिळला जातो आणि मग कड पाणी धरत नाही.

थर्माकोल अजिबात नको. सर्फबोर्ड पाच-सहा सेंटिमीटर जाड असतो म्हणून त्याला चालतं, इथे मध्यभागी १० मिमी आणि टोकाला ४-५ मिमी जाडी, टाचेखाली दबून जाईल. निळा-गुलाबी एक्सपीएस फोम मिळतो तोही टाळा, त्याला स्किन (वरचा काचेचा थर) नीट धरत नाही आणि उन्हात आतून गॅस सुटून फुगे येतात. पीव्हीसी फोमच घ्या आणि पाय येतात तेवढ्या भागात १३० डेन्सिटीचा तुकडा बसवा, नाहीतर उड्या मारून टाचांचे खड्डे पडतात.

पण खरी मेहनत रॉकरवर, म्हणजे बोर्डाच्या लांबीतल्या वाकावर, घ्या. लाइट विंड बोर्ड जितका सपाट तितका लवकर प्लेन होतो, तरी अगदी सपाट केला तर नाक पाण्यात खुपसतं, म्हणून टोकं मध्यापेक्षा ३ सेंटिमीटर वर असली की पुरे. १५० लांबीला ३ ची उंची म्हणजे साधारण ९.४ मीटर त्रिज्येचा कंस येतो. तो कंस दोन प्लायच्या फळ्यांवर आखून जिगसॉने कापा, दोन्ही एकत्र क्लॅम्प करून घासा म्हणजे हुबेहूब सारख्या होतील, त्यावर ६ मिमीचा एमडीएफ वाकवून स्क्रू करा, वर लॅमिनेट किंवा मेण लावलेली प्लास्टिक शीट. ज्यावर बोर्ड दाबून चिकटवायचा ते हे रॉकर टेबल पिळलेलं असेल तर बोर्ड पिळलेलाच निघणार आणि नंतर काही करता येत नाही, तेव्हा दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून डोळा लावून बघा, दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत.

पोत्यांचं म्हणाल तर दोनशे किलो वाळू ठेवलीत तरी ती जिथे टेकेल तिथेच दाबणार. ०.८ बार व्हॅक्यूम तेवढ्याच बोर्डावर पाच टनांचा दाब देतो आणि तोही सगळीकडे सारखा, कोपऱ्यातसुद्धा. भंगारात जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर शोधा, तो उलटा लावला की झाला पंप, फक्त मध्ये एक जाड काचेची बाटली लावा म्हणजे रेझिन ओढलं गेलं तरी कॉम्प्रेसरमध्ये जाणार नाही. पिशवीला जाड पॉलिथिन, सीलला ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), काचेवर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), त्यावर टाचणीने भोकं पाडलेलं पातळ प्लास्टिक आणि वर ब्रीदर (हवा खेचली जायला वाट देणारा थर) म्हणून रजईत घालतात ती पॉलिएस्टरची वाडिंग चालते. रेझिन कालवायच्या आधी सगळं कोरडं रचून पंप लावा, बंद करा आणि अर्धा तास गेज बघा. सुई घसरली तर पंखे बंद करून टेपच्या कडेने कान फिरवा, बारीक शिट्टी ऐकू येते, बहुतेक वेळा पिशवीची चुणी पडलेली असते तिथेच.

मालवणचा_दर्या:
वरच्या दादांनी छान लिहिलंय. आमचं घराणं फायबर होड्यांच्या कामातलं, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

कोकणात किंवा गोव्यात कुठल्याही फायबरवाल्याकडे गेलात तर तो मॅट (आखूड काचधाग्यांची चटई) आणि पॉलिएस्टर रेझिन देईल. ती मॅट एपॉक्सीबरोबर वापरू नका, तिचे धागे चिकटवलेला बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीत स्टायरीन नसतं त्यामुळे मॅट कडक राहते आणि भिजत नाही. आणि मापाचं, पॉलिएस्टरला आम्ही हवामान बघून हार्डनर (रेझिन कडक करणारा घटक) कमी-जास्त करतो, एपॉक्सीला तसं चालत नाही, जे प्रमाण लिहिलंय तेच वजनकाट्यावर मोजून घ्यायचं, जास्त हार्डनर घातला तर लवकर नाही, कच्चंच राहतं. उन्हाळ्यात स्लो हार्डनर घ्या आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, डब्यात ठेवलं की तापतं, धूर येतो आणि माल फुकट.

पण माझं मत असं की फोम शोधत बसण्यापेक्षा पहिला बोर्ड प्लायचा करा. ३ मिमीचे दोन मरीन प्लाय एपॉक्सीने एकमेकांवर रॉकर टेबलावर दाबून चिकटवायचे, वाक तसाच धरून राहतो, वरून दोन्ही बाजूंना काच. वजन चार किलोच्या आसपास जाईल, पण टाचेखाली दबणार नाही, इन्सर्टला पकड मिळेल आणि माल कुठेही मिळतो.

जुलैत मात्र करू नका हो. एवढ्या दमट हवेत हार्डनर ओलावा खेचतो, वर मेणासारखा चिकट थर येतो, त्यावर पुढचा थर धरत नाही. आलाच तर पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवायचा, नुसतं पॉलिश पेपर मारला तर तो कागदात भरतो आणि पसरतो.

उत्तर_समुद्र:
प्लायचं पटतं, पण ज्या कामासाठी बोर्ड हवाय त्यासाठी नाही. त्यांना दहा नॉट्समध्ये प्लेन व्हायचंय, आणि ६ मिमीचा एकसारख्या जाडीचा प्लाय मध्ये पाय देताच वाकतो, टोकं वर येतात, रॉकर वाढतो आणि ओढ वाढते. फोमला मध्ये १० आणि टोकाला ४ करता येतं, ती सोय प्लायमध्ये नाही. जुलैचं मात्र शंभर टक्के. जुलैत सुट्टी असेल तर रामेश्वरमला जा, तिथे नैऋत्येचा वारा जोरात असतो, आणि बोर्ड ऑक्टोबरनंतर करा.

पुणेरी_वारा:
दोघांचेही मनापासून आभार. फोमच घेतो, ऑक्टोबरला सुरुवात. आता धाकधूक इन्सर्टची वाटतेय, इतक्या पातळ बोर्डात ते उपटून येणार नाहीत ना? आणि गोव्याला गाडीच्या टपावर बोर्ड तासन्‌तास उन्हात असतो, त्याने काही होईल का?

उत्तर_समुद्र:
नुसत्या फोममध्ये बसवले तर येणारच. प्रत्येक इन्सर्टच्या जागी फोमला २५ मिमीचं आरपार भोक पाडा, त्यात सागाची किंवा जी-टेनची (काच-एपॉक्सीच्या कडक फळीची) चकती घट्टसर केलेल्या एपॉक्सीने बसवा आणि त्या चकतीत एम-६ चा ३१६ स्टीलचा इन्सर्ट. वरच्या स्किनखाली तिथे काचेचा एक जादा गोल तुकडा द्या. लॅमिनेट करायच्या आधी आट्यांमध्ये मेण भरा आणि वर बारीक टेप लावा, नाहीतर रेझिन आत जातं आणि मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवत बसावं लागतं. नंतर काच पारदर्शक असल्यामुळे मागून टॉर्च धरला की जागा दिसते, तिथे ड्रिल करायचं. बोल्टची लांबी मोजूनच घ्या, जरा लांब झाला तर खालच्या स्किनला आतून ढुसणी बसते. फिनच्या (बोर्डाखालच्या पात्यांच्या) भोकांना आधी मोठं ड्रिल, मग घट्ट एपॉक्सीने भरून पुन्हा लहान ड्रिल, म्हणजे कोअर उघडा राहत नाही.

उन्हाचं विचारलंत ते बरं केलंत. साध्या तापमानाला पिकलेलं एपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं आणि बंद गाडीत किंवा काळ्या टपावर तेवढं सहज होतं, रॉकर पसरतो. म्हणून बोर्ड टेबलावरून काढायच्या आधीच थर्माकोलच्या शीटचा खोका करून त्यात हेअर ड्रायर सोडा, हळूहळू तापवत ५५ ते ६० ला आणा आणि सात-आठ तास तसाच राहू द्या. ड्रायर एकटा सोडून जाऊ नका. त्यानंतरही वरचा रंग पांढराच ठेवा.

आणि नायट्राइल ग्लोव्ह्ज, पहिल्या मिनिटापासून. एपॉक्सीची ऍलर्जी एकदा बसली की परत कधी हात लावता येत नाही. हाताला लागलंच तर थिनरने पुसायचं नाही, त्याने ते कातडीत अजून आत जातं, साबण-पाणी घ्या. घासताना मास्क.

मालवणचा_दर्या:
सागाच्या चकत्या घेणार असाल तर ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा, सागात तेल असतं, तसंच चिकटवलं तर सुटतं. आणि मोरजीला टेंबाच्या बाजूला कासवांची घरटी जाळी लावून राखलेली असतात, नवीन बोर्ड घेऊन जाल तेव्हा त्या पट्ट्यापासून काइट लांब उतरवा.